शस्त्राचा भरवसा

गेल्या दसऱ्यास आमच्या एका पुतण्यानें आम्हांस विचारिलें, “काका, मॅगझिन कोणतें घ्यावें?” आमचें आयुष्य मासिकें वाचण्यांत व मासिकांत लिहिण्यांत गेलेलें, तेव्हां त्यास एखाद्या चांगल्या मासिकाची वर्गणी भरावयाची असेल अशा समजुतीनें आम्हीं दोन-तीन नांवें सुचविलीं, आणि एकाविषयीं तर थोडी निंदाहि करून घेतली. पुतण्या हंसूं लागला. तो नेमबाजीच्या एका संस्थेंत जातो, परवान्याचें पिस्तुल बाळगितो. त्यास हवें होतें तें काडतुसें भरण्याच्या पेटीविषयीं आमचें मत. त्याच्या हातांत एक यादीहि होती. पेटी, नवी स्प्रिंग, नवी मूठ, नेम धरण्याची नवी भिंग. यांपैकीं काय घ्यावें आणि काय सोडावें, असा त्याचा प्रश्न होता. आम्हांस या विषयांत काडीचें प्रावीण्य नाहीं, असें सांगून आम्ही सुटूं शकलों असतों; परंतु तो प्रश्न त्या दिवसापासून मनांतून गेला नाहीं, आणि तो केवळ दुकानदारानें सोडवावा असा प्रश्न नव्हे असें आम्हांस दिसून आलें.

शब्दाचा गोंधळ झाला तोहि अगदींच निरर्थक नव्हता. कोठार या अर्थाचा हा मूळचा अरबी शब्द युरोपांत गेला, तेथें दारूगोळ्याच्या कोठारास लागला, आणि 1731 सालीं लंडनच्या एडवर्ड केव्हनें आपल्या नियतकालिकास ‘जंटलमन्स मॅगझिन’ असें नांव दिलें तेव्हांपासून लेखांच्या कोठारासहि लागला. दोन्ही कोठारांत एक गोष्ट सारखी आहे: आंत काय भरलें आहे हें विकत घेणारास घेतांना कळत नाहीं. मासिक फसलें तर वाचकाची घटकाभर करमणूक बुडते. दुसरें कोठार फसलें तर काय बुडतें, तें आम्हीं लहानपणीं एकदां जवळून पाहिलें आहे.

आमचें आजोळ अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं. तेथें पाऊस चार महिने घरांत येऊन राहतो. मीठ पाणी सोडतें, कपड्यांस बुरशी चढते, काडेपेटी चुलीच्या उबेस ठेवावी लागते. मामांपाशीं पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एकनळी बाराबोअर बंदूक होती. मामांचा हात स्थिर, आणि बंदूक इतकी स्वच्छ कीं नळींतून उजेडाकडे पाहिलें म्हणजे आरशांत पाहिल्यासारखें वाटे. खंडेनवमीस ती पाटावर मांडीत, तेलाचें बोट फिरवीत, आणि आम्हां मुलांस दुरून नमस्कार करावयास लावीत. एका आश्विनांत भुइमुगाच्या शेतांत रानडुकरें येऊं लागलीं. रात्रीं कळपास हुसकून लावावयाचें ठरलें. मामांचा जुना गडी पेटती चूड घेऊन बांधाच्या तोंडाशीं, डुकरांच्या नेहमींच्या वाटेवर, उभा राहिला. मामा बाजूच्या उंचवट्यावर. डुकरें दिसलीं कीं मामांनीं हवेंत बार काढावा, म्हणजे तीं माघारीं फिरतील, असा बेत होता, आणि तो पूर्वीं अनेकदां पार पडला होता. डुकरें आलीं. मामांनीं चाप ओढिला. नुसता ‘खट्’ असा आवाज झाला. फुसका बार, असें आपण बोलतांना सहज म्हणतों. त्या रात्रीं त्या शब्दांचा अर्थ आम्हांस समजला. एका नराच्या सुळ्यानें गड्याची मांडी गुडघ्यापर्यंत उघडली. तो वांचला, परंतु पाय जन्माचा आंखडला.

गांव म्हणालें, नशीब. गडी स्वतः म्हणाला, “मालक, गोळीच फसली, त्याला तुम्ही काय करणार?” मामा त्यावर कांहींच बोलले नाहींत. त्यांच्या न बोलण्याचें कारण आम्हांस फार पुढें कळलें. तें पुढेंच सांगूं.

आतां पुतण्याच्या पेटीकडे वळूं. आपोआप भरल्या जाणाऱ्या बंदुकीचें सारें वैभव नळींत आणि चापांत आहे असें बाहेरच्या माणसास वाटतें. जाणते मात्र सांगतात कीं ती अडते तेव्हां पुष्कळ वेळां दोष पेटीचा निघतो. पेटी म्हणजे काय, तर एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा, आंत एक स्प्रिंग, तिच्यावर काडतुसें वर ढकलणारी पट्टी, आणि तोंडाशीं काडतूस योग्य कोनांत धरून ठेवणारे दोन ओठ. सर्व बंदुकींत किंमतीनें हलका असा हा भाग. परंतु ओठ केसभर वांकले, स्प्रिंग जराशी थकली, डब्याला पोंचा पडला, कीं हजारों रुपयांचें तें यंत्र काठीच्या किंमतीचें होतें. घरांतहि असेंच असतें. लग्नांत सनईवाला आणि दागिने यांची चर्चा महिनाभर चालते, आणि पंगत अडते ती पाणी वाढणारा वेळेवर न आल्यानें.

पहिल्या महायुद्धांत फ्रेंच सैन्यानें 1915 सालीं ‘शोशा’ नांवाची हलकी मशीनगन घेतली. तिच्या चंद्रकोरीसारख्या पेटीच्या एका अंगास उघड्या खिडक्या ठेविलेल्या होत्या. किती काडतुसें उरलीं हें सैनिकास एका दृष्टिक्षेपांत कळावें, ही कल्पना. सोय चांगली होती. फक्त लढाई खंदकांत होती, आणि खंदकांत चिखल होता. खिडकींतून नजर आंत जाई त्याच वाटेनें चिखलहि आंत जाई, आणि ती तोफखाना नव्हे तर डोकेदुखी होऊन बसे. ऐंशीहून अधिक वर्षांनीं आपल्याकडे जवळजवळ तीच गोष्ट निराळ्या रूपानें घडली. पुण्यास पाषाण येथील शस्त्रास्त्र-संशोधन संस्थेनें आंखलेली ‘इन्सास’ रायफल 1990 नंतरच्या दशकांत आपल्या सैन्यांत आली. तिची पेटी अर्धपारदर्शक प्लास्टिकची. आंतलीं काडतुसें बाहेरून दिसत. 1999 सालच्या कारगिल युद्धांत, त्या उंचीवरच्या थंडींत, या पेट्यांस तडे गेल्याच्या व रायफल अडल्याच्या तक्रारी आल्या. ज्यांनीं पेटी आंखली त्यांनीं ती सद्भावानेंच आंखली असणार; सैनिकास आपला सांठा दिसावा यांत वाईट तें काय? परंतु टेबलाशीं बसून केलेल्या दयेस शिखरावरची थंडी ठाऊक नसते.

यावर सैनिकांनीं स्वतः शोधून काढलेला एक उपाय आम्हांस फार बोधप्रद वाटतो. व्हिएटनामच्या युद्धांत वीस काडतुसांच्या पेटींत अठराच भरण्याची रीत अमेरिकन सैनिकांत पडली होती. पुढें तिसाच्या पेटींत अठ्ठावीस भरणारेहि निघाले. स्प्रिंगला थोडी उसंत राहावी, शेवटच्या दोहोंच्या लोभानें पहिलें काडतूस अडूं नये, एवढाच हिशोब. कारखान्यानें पेटीवर छापिलेला आंकडा एक, आणि ज्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे त्याचा आंकडा दुसरा. हा दुसरा आंकडा भित्रेपणाचा नव्हे. आपल्या साधनाची खरी ताकद ओळखून तिच्या थोडें अलीकडे थांबणें हें आम्हांस धैर्याचेंच एक अंग वाटतें, जरी त्यास पदक मिळत नाहीं.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्या घरांतच घेतला गेला. आमच्या वहिनी म्हणाल्या, “मारण्याचें हत्यार चांगलें कसें चालेल याची एवढी काळजी सज्जनांनीं कां करावी? तें फसतें तेंच बरें.” गांधीजींच्या देशांत या म्हणण्यास एकदम उत्तर देणें कठीण आहे, आणि आम्ही तें एकदम दिलेंहि नाहीं. जगांत बंदुकाच नसत्या तर बरें झालें असतें, हें आम्ही त्यांच्याइतक्याच मनापासून म्हणूं. परंतु फसणारें शस्त्र हें दयाळू शस्त्र असतें, ही समजूत मात्र आम्हांस खोटी वाटते. आणि ती खोटी कशी, हें आमच्या जिल्ह्याइतकें क्वचितच कोणास ठाऊक असेल.

अहमदनगर हें लष्कराचें गांव. 2024 सालीं त्याचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. 1948 पासून रणगाडा-दळाचें शिक्षणकेंद्र येथें आहे, आणि नगराच्या उत्तरेस खारे कर्जुन्याच्या माळावर तोफांच्या व रणगाड्यांच्या सरावाचें विस्तीर्ण मैदान आहे. भोंवतालच्या गांवांत धडधड ऐकून तान्हीं मुलें दचकत नाहींत, इतका तो आवाज अंगवळणी पडलेला. त्या आवाजापासून गांवास भय नाहीं. भय आहे तें जो आवाज झाला नाहीं त्याचें. सरावांत न फुटलेला गोळा मातींत पडून राहतो. पाऊस येतो, गवत वाढतें. आणि मग भंगाराच्या चार पैशांसाठीं कोणी गरीब माणूस तो उचलतो, ठोकतो, उघडूं पाहतो. अशांत जीव गेल्याच्या बातम्या या पंचक्रोशींतून आलेल्या आहेत. त्या गोळ्यानें कोणा शत्रूस जीवदान दिलें नव्हतें. त्यानें आपलें काम फक्त पुढें ढकललें, आणि ज्याचा युद्धाशीं कांहीं संबंध नाहीं अशा माणसाच्या हातीं तें सोंपविलें. वहिनींस आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्या गप्प राहिल्या. पटलें म्हणून कीं वाईट वाटलें म्हणून, हें आम्हीं विचारिलें नाहीं.

आतां यादींतल्या सुधारणांविषयीं. या बाबतींत आम्ही पुतण्याशीं थोडे कठोर झालों. शस्त्रास जें जोडावयाचें तें काळजीपोटीं जोडतों कीं दिमाखापोटीं, हें ओळखणें फारसें अवघड नसतें. थकलेली स्प्रिंग बदलणें, घामानें निसटणारी मूठ खरखरीत करून घेणें, नेमाची खूण स्पष्ट करणें, खांद्याचा पट्टा बळकट घेणें, यांत दुसऱ्याचें कल्याणहि येतें. कारण निसटलेल्या मुठीची गोळी कोठें जाईल हें कोणीं सांगावें? परंतु ज्या वस्तूचें छायाचित्र काढावेसें वाटतें आणि जिच्यासाठीं सरावाचा वेळ व काडतुसांचा खर्च कापावा लागतो, ती सुधारणा बंदुकीची नव्हे, मालकाच्या प्रतिमेची होय. आपल्या कायद्यानेंहि या हौसेस कुंपण घातलें आहे: 1959 च्या शस्त्र-अधिनियमांत 2019 सालीं दुरुस्ती होऊन एका व्यक्तीनें बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तिनांवरून दोहोंवर आली. ज्यास दोहोंची निगा राखतां येते त्यानें तिसरीची आठवण काढूं नये, असें आमचें मत.

दिमाखाचें उदाहरण हवें तर तेंहि नगरानेंच दिलेलें आहे. निजामशाहींत 1549 सालीं मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिरानें येथें ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली. पंचावन्न टनांच्या घरांत वजन, चौदा फुटांहून अधिक लांबी, आणि तोंडाशीं हत्तीस जबड्यांत धरलेला सिंह. ओतकाम असें कीं आजहि पाहणारा थक्क होतो. त्या कारागिराच्या हातापुढें आम्ही मस्तक नमवितों. परंतु ती हलवावयाची तर शेंकडों बैल जुंपावे लागत, आणि बत्ती देणारा गोलंदाज कानठळ्यांपासून वांचण्यासाठीं शेजारच्या पाण्याच्या हौदांत बुडी मारी, असें विजापुरास सांगतात. होय, विजापुरास, कारण नगरची ही तोफ पुढें परांड्यास व तेथून विजापुरास गेली, आणि अजून तेथेंच बुरुजावर बसलेली आहे. 1854 सालीं सरकारी लिलावांत तिला दीडशें रुपयांची बोली आली होती. सुदैवानें ती विक्री रद्द झाली. जेव्हां 1595 च्या अखेरीस मोंगलांनीं नगरच्या किल्ल्यास वेढा घातला आणि पुढें सुरुंगानें तट उडविला, तेव्हां चांदबिबीच्या मदतीस ही अजस्र तोफ नव्हती. तेथें कामास आलें तें रातोरात खिंडार बुजविणाऱ्या लोकांचें दगडमातीचें काम, आणि त्या कामावर स्वतः उभी असलेली ती बाई.

तसाच दुसरा दाखला नगरच्या रणगाडा-संग्रहालयांत आहे. सुट्टीच्या दिवशीं मुलांस घेऊन गेलेल्या वाचकांनीं तेथील पाकिस्तानकडून जिंकून आणिलेला पॅटन रणगाडा पाहिला असेलच. 1965 च्या सप्टेंबरांत खेमकरणच्या रणभूमीवर हे पॅटन आले तेव्हां ते आपल्या कित्येक गाड्यांहून नवे आणि अधिक सुधारलेले मानले जात. पाणी सोडलेल्या शेतांत ते रुतले, उसाआडून आलेल्या माऱ्यांत सांपडले, आणि हवालदार अब्दुल हमीद यांनीं जीपवरच्या तोफेनें त्यांपैकीं कित्येक निकामी केले. सुधारणा लोखंडांत झालेली होती. भूमीचें ज्ञान व हाताचा सराव त्या लोखंडाबरोबर विकत मिळत नाहीं.

परंतु सगळा दोष वापरणाराच्या हातावर ढकलून द्यावयाचा, हा दुसरा लबाडपणा. बनविणारे लोक तो फार तत्परतेनें करितात. 2005 सालीं नेपाळच्या सैन्यानें, माओवाद्यांशीं झालेल्या एका रक्तरंजित चकमकीनंतर, आपल्या इन्सास रायफली अडल्याची तक्रार केली. आपल्याकडून उत्तर गेलें कीं त्या नीट वापरल्या व राखल्या गेल्या नसतील. कोण किती खरें, याचा निवाडा करणें आमच्या अधिकारांत नाहीं. परंतु व्हिएटनाममधील एम-16 रायफलींविषयीं चौकशी झाली आहे, आणि तिचा वृत्तांत वाचतांना मन विषण्ण होतें. ती रायफल जवळजवळ साफ करावीच लागत नाहीं असा बोलबाला झाला. साफ करण्याचें सामान पुरेसें दिलेंच गेलें नाहीं. मधेंच काडतुसांतील दारू बदलली गेली. आणि अडलेल्या रायफलीशेजारीं मेलेलीं पोरें सांपडूं लागलीं तेव्हां प्रथम त्या पोरांच्याच आळसास दोष दिला गेला. 1967 सालीं अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीनें अधिकाऱ्यांवर कडक ताशेरे झाडले. आम्हांस यांत जी गोष्ट टोचते ती बिघाडाची नव्हे. यंत्र आहे, बिघडणारच. टोचतें तें हें कीं कागदावर ज्यांस ठाऊक होतें ते सुरक्षित होते, आणि चिखलांत जे होते त्यांस ठाऊक नव्हतें.

आमच्या मतें सारा नैतिक प्रश्न येथेंच आहे. भरवसा हा पोलादाचा गुण म्हणून आपण बोलतों. परंतु पोलादास कशाचीच लाज नसते. भरवसा म्हणजे जाणणाऱ्याकडून न जाणणाऱ्यास येणें असलेलें एक ऋण. मागें उभा असलेल्यास पेटींत काय आहे हें माहीत असतें; पुढें उभा असलेला केवळ त्याच्या तोंडाकडे पाहून उभा राहतो. म्हणून आम्हीं पुतण्यास जो सल्ला दिला, त्यांत पेटीच्या कारखान्याचें नांव नव्हतेंच. एवढेंच सांगितलें कीं शक्य तों मूळ कारखान्याचीच पेटी घे. प्रत्येक पेटीवर क्रमांक घाल. जीं काडतुसें वापरणार त्यांनींच ती पारखून पाहा. आणि जी पेटी दोनदां अडली ती पिशवीच्या तळाशीं परत ठेवूं नकोस. दुरुस्तीनें भागत नसेल तर मोडून टाक. ‘असूं दे, सरावाला होईल’ असें म्हणून माणूस ती ठेवून देतो, आणि सहा महिन्यांनीं ती कोणती हें विसरतो. किंवा विसरल्यासारखें करितो. पुतण्यानें विचारिलें, “एवढ्याशा पेटीसाठीं एवढें कशाला?” तेव्हां आम्हीं त्यास मामांची उरलेली गोष्ट सांगितली.

मामा वृद्ध झाल्यावर एका संध्याकाळीं ओटीवर बसले असतां आपण होऊन म्हणाले, “त्या काडतुसांवरून तीन पावसाळे गेले होते.” कागदी नळ्यांचीं तीं काडतुसें दमटपणानें फुगलीं होतीं, बंदुकींत घालतांना जराशीं अडत, हें त्यांच्या बोटांस कळत होतें. आदल्या वर्षीं त्यांतलें एक फुसकें गेलेंहि होतें. नवी पेटी आणावयाची म्हणजे शहरास एक खेप, आणि हातीं पैसा नव्हता असें नाहीं, पण शेंगा विकल्यावर आणूं, एवढा हंगाम यांतच निघेल, असें त्यांनीं मनांत ठरविलें होतें. “मला ठाऊक होतें,” ते म्हणाले, “आणि त्याला ठाऊक नव्हतें. त्याला सांगितलें असतें तर तो तेथें उभा राहिला नसता.” त्यांनीं गड्याच्या नांवें पुढें दोन बिघे जमीन करून दिली हें गांवास ठाऊक होतें व गांव त्यांस उदार म्हणे. तो शब्द कानीं आला कीं मामा उठून आंत जात.

त्या वर्षापासून त्यांनीं एक नेम केला. दर आश्विनांत शहरांतून काडतुसांची नवी पेटी आणावयाची, जुनीं उरलेलीं त्याच दुकानदाराच्या स्वाधीन करावयाचीं, आणि नव्या पेटीवर पेन्सिलीनें साल लिहावयाचें. खंडेनवमीस बंदूक पाटावर मांडली म्हणजे ती पेटी शेजारीं उघडून ठेवीत, आणि पहिलें हळदकुंकू वाहावयास त्या लंगड्या गड्यास बोलावीत. तो एकेक काडतूस उचलून बोटांनीं चाचपून पाही, फुगलें नाहीं अशी खात्री करी, आणि मग पूजा होई. मामा गेल्यावर परवाना कोणीं पुढें चालविला नाहीं. बंदूक पोलिसठाण्यांत जमा झाली. कपाट आवरतांना शेवटची रिकामी पेटी सांपडली, तिच्यावर साल मामांच्या अक्षरांत होतें, आणि त्याखालीं दुसऱ्या हातानें, जो हात लिहावयास फार उशिरां शिकला असावा, काढलेली एक बरोबरची खूण.